पाण्याची वेळ

साखर पेठेतून दिवसाला आठ आण्यांनी आणलेलं पुस्तक.
मुखपृष्ठावर काळा खडक, फेस,
आणि एक चप्पल. एकच.

दुपारी मी वाचायचो.
अम्मा, राजमणी, कमटमांची मुकी सून
मांडीवर सुपं घेऊन ऐकायच्या.
भिजल्या पानांचा कडवट वास, कात्र्यांची कुरकुर.
मी मराठीत वाचायचो, अम्मा राजमणीला तेलुगूत सांगायची,
म्हणून प्रत्येक खून आमच्याकडे दोनदा व्हायचा.

हरिहरेश्वर. देवळामागच्या पायऱ्या,
दोन कड्यांच्या फटीतून उतरणाऱ्या,
खाली प्रदक्षिणेची वाट, जी समुद्र
दिवसातून दोनदा गिळतो, दोनदा परत देतो.

इथं अम्माचा दोरा थांबला.
"दोनदा? रोज?"
रोज. फक्त दर दिवशी पाऊण तास उशिरा.
"म्हणजे आपल्या चावीवाल्या मल्लय्यासारखंच."
आमच्या चौकटीशेजारी खडूनं लिहिलेलं असायचं:
सोमवार पहाटे तीन.
शुक्रवार रात्री एक. आलं नाही.

खोताचा थोरला प्रदक्षिणेला गेला, परतला नाही.
संशय तिघांवर: पुतण्या, दुसरी बायको, मुंबईचा डॉक्टर.
गुप्तहेर पाकिटातल्या सिगारेटी ओढायचा.
राजमणीचं त्याच्याबद्दल मत तिथंच बिघडलं.

शेवटची सोळा पानं नव्हतीच.
दुकानदार म्हणाला, आठ आण्यात खुनी पण पायजे का बे?

त्या रात्री अम्मानं हजाराची मोजणी संपवली,
छाट निघणाऱ्या विड्या बाजूला काढल्या
आणि म्हणाली, नारळवाला.
कोण नारळवाला?
"पहिल्या दिवशी वाचलास की. पायरीवर बसलेला म्हातारा.
आता जावा, आता नको, सगळ्यांना सांगलालाय.
पाण्याची वेळ ज्याच्या तोंडात, त्याच्याशी भांडू नये.
खोताचा पोरगा भांडला असेल."

बावीस वर्षांनी पुण्याच्या फुटपाथवर
अख्खी प्रत मिळाली. उभ्याउभ्याच शेवट वाचला.
पुतण्या. विम्याचे पैसे.
फोनवर सांगितलं तर हसली:
"लिहिणाऱ्याच्या घरी चोवीस तास नळ असेल."

आणि गेल्या महिन्यात मी तिथं गेलो.
फट खरी होती. पायऱ्या खऱ्या.
वारा पुस्तकातल्यापेक्षा जास्त,
आणि वास, जो त्यानं लिहिलाच नव्हता.
खाली वाटेवर पाणी चढत होतं. फोन लावला, हात लांब धरला.
"येलालंय," ती म्हणाली. "किती वाजले?"
सव्वाचार.
तिकडं काहीतरी खरवडल्याचा आवाज.
विडी घरकुलातल्या भिंतीवर, गुरुवारच्या नळाखाली,
ती समुद्र लिहून ठेवत होती.

मग म्हणाली, "पायरीवर कोण बसलाय, बघ."

मी वळून बघितलं.
नारळांचा ढीग, ओला कोयता,
रिकामं स्टूल.