मधले दोन पौंड

एल्कोमधलं ऑरिनचं दुकान. काउंटरवर
तेलाचे डाग, मांजर, माझं पिस्तूल.
"नवा चाप बसव, व्हर्ला," तो म्हणतो,
"साडेपाच पौंड कशाला ओढतेस?
हा साडेतीनलाच सुटतो. लोण्यात सुरी."

माझ्या बोटांनी आता बरणीचं झाकणसुद्धा फिरत नाही,
हे खरंच.

पण त्या फेब्रुवारीत
मागच्या दाराची कडी हलली तेव्हा
मी ओढत होते,
जड, कुरकुरता,
अर्ध्याच्याही पुढे आलेला चाप,
आणि अंधार खोकला.
ड्वेनचा खोकला. पाळण्यात होता तसाच.

ऑरिनला हे माहीत नाही.
ड्वेनलाही.

"किती म्हणालास?"
"एकशे चाळीस. मजुरी धरून."

मी पर्सची चेन उघडते. तीही अडते.
मांजर पिस्तुलाला वळसा घालून
खाली उडी मारतं.