प्रश्न अकरावा

एप्रिल. इकडे एप्रिल म्हणजे पानगळ.
ओमारूच्या पांढऱ्या दगडी भिंतींवर तिरपं ऊन,
वृद्धनिवासाच्या दिवाणखान्यात चाकांच्या अकरा खुर्च्या,
मध्ये मी, हातात कार्डांचा गठ्ठा,
छातीवर टाचलेलं कागदी लाल फूल.

दर बुधवारी प्रश्नमंजुषा असते. आजचा विषय युद्ध.
कार्डं छापील येतात, पाठीमागे उत्तर,
आणि तळाशी बारीक अक्षरांत सूचना:
रहिवाशांना उदास होऊ देऊ नये.

पहिला प्रश्न सोपा.
अ‍ॅन्झॅक बिस्किटांत काय घालत नाहीत?
"अंडं!" सगळे एका सुरात, पहिलीच्या वर्गासारखे.
"आणि इथल्या बिस्किटांत चव,"
हे थेल्मा क्रुकशँकचं.
तिला मी अर्धा गुण जास्त दिला.

आठवड्याला लोणी किती मिळायचं?
आठ औंस, कुणीतरी म्हणालं.
"आमच्याकडे गाय होती," एनिड बोलून गेली,
आणि झटकन ओठांवर बोट ठेवलं,
जणू रेशनचा इन्स्पेक्टर अजून दाराआड उभा आहे.

शाळेच्या पटांगणात चर कशासाठी खणले होते?
"होड्या सोडायला."
कार्डावर उत्तर वेगळं होतं.
पण बॉम्ब काही आले नाहीत,
आणि होड्या मात्र खऱ्याच बुडाल्या, म्हणे.

प्रश्न अकरावा.
लाल सायकलवरचा मुलगा काय घेऊन यायचा?
उत्तर: तार. गुण एक.

कुणी बोलेना.
हीटर घुरघुरत राहिला.
चहाच्या गाडीचं चाक दाराशी कुरकुरलं नि थांबलं.
ऐकू गेलं नसेल म्हणून
मी प्रश्न पुन्हा वाचला. मोठ्यानं.
माझं वय सव्वीस. मला काय कळणार.

तेव्हा आयव्हर हॅगर्ट,
जो जेवणाचं हो-नाहीसुद्धा मानेनंच सांगतो,
म्हणाला:
सायकल माझी नव्हती. पोस्टाची.
उंच होती, पाय टेकायचे नाहीत.
मी पंधराचा. डिसेंबर होता, इटलीत लढाई चाललेली.
रस्त्यावर शिरलो की बायका खिडकीशी येत,
कुणाच्या फाटकाशी ब्रेक दाबतो ते बघत.
न थांबता पुढे गेलो की मागे पडदे सुटत.
पडदा सुटल्याचा आवाज असतो.
एवढं मोठं गाव
एका पोराला भ्यायचं.

आणि नोलीन,
जिला माझं नाव सकाळी सांगावं लागतं, दुपारी पुन्हा,
पोटची मुलगी जिला परवा "कोण हो या भल्या बाई" वाटली,
तिनं कप बशीत ठेवला, न सांडता:
तू आमच्याकडे थांबलास.
गूसबेरीच्या झुडपापाशी.
आईनं पाकीट अ‍ॅप्रनच्या खिशात घातलं. फोडलं नाही.
तुला विचारलं, काही खाल्लंस का रे?
तू उभ्या उभ्या पाव खाल्लास, जाम लावलेला, रडत रडत.
मला राग आला होता.
तो पाव माझा होता.

आयव्हर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.
"आंबट होता जाम."
"साखर कुठे होती?" ती म्हणाली.

बाराव्या कार्डावर विचारलं होतं,
बेचाळीस साली प्रथम कशाचं रेशन आलं.
मी ते कार्ड वाचलं नाही.
फळ्यावर अकराव्यापुढची जागा कोरी ठेवली;
एक गुण कुणाला द्यायचा, कसा द्यायचा.
साडेनऊ गुणांनी थेल्मा जिंकली.
चॉकलेट तिनं लगेच पर्समध्ये टाकलं.

नोंदवहीत मी लिहिलं:
उपस्थिती अकरा. सहभाग चांगला.
सूचनेबद्दल काही लिहिलं नाही.

रात्री गोळ्या द्यायला गेले.
नोलीननं माझं नाव विचारलं. सांगितलं.
तिनं माझं मनगट धरलं,
दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला:
बाहेर तो मुलगा आहे ना, सायकलवाला,
त्याला काही खायला दिलंत का?