उणे सत्तर

तळघरातली खोली. दारावर कन्नड, खाली इंग्रजी,
त्याखाली कुणीतरी पेनानं, बारीक: चपला बाहेर.
अक्काताई पाटाडे पहाटेच्या गाडीनं निपाणीहून आली
ती चपला हातात घेऊनच आत,
काखेतल्या पिशवीत संकेश्वर स्टँडवरची पाच केळी.

“बोटं झोपत्यात वो. सुई टोचली तरी उठंनात.”
एकेचाळीस वर्षं बिड्या वळल्या,
दिवसाला हजार, छाट निघेल ती वेगळी.
फॉर्मवर ‘कामाचे स्वरूप’ याच्यापुढं
लेकीनं लिहिलंय: बैठे.

मनगट पुसतो, जेल लावतो, तारा चिकटवतो.
सवयीनं तोंडातून जातं, “कै सडिल बिडि.”
ती दचकते. मग हसते, मशेरीनं काळ्या दातांनी.
“हितंबी बिडीच व्हय?”
नाही मावशी, कन्नडातली. सोडा म्हणून. हात सैल सोडा.
“ठावं हाय की मला.
पर सोड असं त्या शब्दानं कधी सांगितलंच न्हाई.”

पडद्यावर हिरवी रेघ. सरळ,
बिडी बांधायच्या दोऱ्यासारखी ताणून धरलेली.
“काहीच न्हाई की.”

काहीच नाही ते माझ्या यंत्राला.
ते कातडीवर बसतं, हाक मारल्याशिवाय
त्याला आतलं ऐकू येत नाही.
आत एकेक पेशी उणे सत्तर मिलिव्होल्ट धरून बसलीय.
बॅटरीतल्या सेलचा विसावा भागसुद्धा नाही, पण धरून.

मिठातला सोडियम बाहेर दाटलेला,
केळ्यातला पोटॅशियम आत. आणि मधली भिंत गळकी.
पोटॅशियमला एक दार कायम किलकिलं,
तो निघतो, दाटीतून मोकळ्याकडं,
कुणीही निघेल तसा.
पण जाणारा प्रत्येक जण आपलं अधिक घेऊन जातो,
मागं तेवढं उणं ठेवतो.
उणं साचतं. साचलेलं उणं ओढायला लागतं.
मग एक वेळ येते:
पाय उंबऱ्याबाहेर निघायला बघतो आणि आतली ओढ
बरोबरीला येते, कुणीच जिंकत नाही.
ते खरं तर नव्वदला होतं,
पण सोडियमही थोडा आत झिरपत असतो चोरपावलांनी,
म्हणून सत्तर.

पुस्तकात ह्याला विश्रांती म्हणतात.

विश्रांती! भिंतीत पंप आहेत,
तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत,
तीन बाहेर, दोन आत,
गळेल तेवढं परत जागेवर, झोपेतसुद्धा.
मेंदूच्या वाट्याची जवळपास निम्मी भाकरी ह्यातच जाते.
पंप थांबले तर लगेच काही दिसत नाही.
उणं हळूहळू भरून येतं,
आतबाहेर सगळं एकसारखं, कुणाचं कुणाशी काही नाही.
मग कितीही हाका मारा.

“थोरला हुबळीला ऱ्हायला,” ती छताकडं बघत,
मी न विचारताच. “धाकटा इचलकरंजीला.
ही तेवढी हाय. जातो जातो म्हणती
अन् बस यायच्या आधी स्टँडावरनं माघारी येती.”
लेक दाराशी मोबाइलमध्ये मान घालून. ऐकत असणार.

आता चटका बसेल हं.
अंगठा उडतो. ती उडत नाही.
रेघ जरा वेळ तशीच,
मग उठते, बुटकी, दमलेली लाट.
पाच पॉइंट आठ. चारच्या आत यायला हवी होती.
“आलं का?”
आलं. मनगटात अडकून, उशिरा, पण आलं.

रिपोर्ट इंग्रजीत टाइप करतो,
तिला, मला, दारावरच्या पाटीला, कुणालाच घरची नसलेली भाषा.
रात्री पट्टी बांधायची, मावशी. हाताला आराम.
“आराम,” ती म्हणते, शब्द चाखून बघितल्यासारखा,
आणि दोन केळी माझ्या टेबलावर ठेवून उठते.

पुढचा पेशंट आत घेताना दिसली:
बाहेरच्या बाकड्यावर, शिक्क्याची वाट बघत,
डोळे मिटलेले, हात मांडीवर सैल,
आणि अंगठा तर्जनीवरून
हळूच, पुन्हा पुन्हा,
पान नसलेली बिडी वळतोय.