वरून

डब्यात लाल ऑइलपेंट, एक इंची ब्रश,
खिशात घडी घातलेली यादी.
झोन ऑफिसातून निघताना धोटे साहेब म्हणाले,
आकडे मोठे काढ, दुरून दिसले पाहिजेत.
कोणाला, ते मी विचारलं नाही.
बावीस वर्षांत एकदाच विचारलं होतं काहीतरी,
तेव्हा त्यांच्या खुर्चीत दुसरे साहेब होते,
आणि मी दोन महिने घाटावरच्या भिंती रंगवत होतो.

तांडापेठेच्या मागची गल्ली.
मागाचा खटखटाट आता दोन-तीन घरांतच,
बाकीच्यांच्या मागाच्या खड्ड्यात
गव्हाची पोती, मोडकी सायकल.
शिव्या पडतील वाटलं होतं,
दगडाच्या तयारीनं डोक्यावर हेल्मेट घालून गेलो.
त्यांनी स्टूल आणून दिलं.
तिसऱ्या घरी चहा.
सातव्या घरचा पोरगा माझा डबा धरून उभा राहिला,
आपल्याच भिंतीवरचा सात
मान वाकडी करून पाहत.
थोडा इकडे घ्या ना काका,
तिथं पोपडे निघून राहिले.

अकराव्या दारात चंद्रभागा निखारे
कांड्या भरत बसलेली.
तिनं चाक थांबवलं नाही.
कोनं सांगतलं रे हे?
वरून आलं, मावशी.
वर कोन हाये?
मी खरंच वर पाहिलं.
संक्रांत चार दिवसांवर, आभाळभर पतंग,
एकाचाही मांजा दिसत नव्हता.
काढ मंग, ती म्हणाली,
पन पोराच्या नावाच्या पाटीवर नोको काढू.
मी पाटीच्या खाली काढला.
तेवढी सूट दिल्याचा
दिवसभर अभिमान वाटत राहिला मला.

महिन्याभरानं गेलो, तर नळावर भांडण.
तेवीसवाले रोज आधी येतात,
नऊच्या बाईनं बादली लाथाडली.
किराणावाल्याच्या उधारीच्या वहीत
हेडाऊ, बारापात्रे, पराते खोडलेले,
नुसते आकडे.
चौतीसच्या पोरीचं लग्न जमलं होतं,
पत्रिकेवर आकडाही छापला,
पाहुण्यांना सोपं जावं म्हणून.

आणि पलीकडच्या गल्लीतले चार जण
माझीच वाट पाहत उभे,
इस्त्रीचे शर्ट, हातात आधारच्या झेरॉक्स.
आमचा नंबर कधी?
तुमची गल्ली यादीत नाही.
यादी उघडून दाखवली, एकेचाळीसला संपते.
पंगतीतून उठवल्यासारखे चेहरे झाले त्यांचे.
एकानं पन्नासची नोट पुढे केली.
आमालेच कायले सोडलं?
आमी का परके हाव?

मी सांगायला हवं होतं.
म्हणजे मला जेवढं माहीत होतं तेवढं तरी:
की आकड्यामागे काय आहे
हे धोटे साहेबांनाही धड ठाऊक नाही,
कधी रस्ता म्हणतात, कधी नाला.
पण ते इतके अदबीनं उभे होते.
आणि डब्यात रंग उरला होता.
पन्नास परत केले.
आकडे काढून दिले, बेचाळीस ते छप्पन्न.
शेवटच्या घरी बाईनं आधी भिंत धुऊन घेतली.

पिवळं मशीन आलं तेव्हा मी नव्हतो तिथं.
मार्चअखेर होती,
काटोल रोडचे दुभाजक करत होतो, काळा, पिवळा, काळा.
ड्रायव्हर चंद्रपूरकडचा, भला माणूस म्हणे,
आधी सगळ्यांना सामान काढू दिलं.
त्याच्याकडे यादी नव्हती.
आकडा दिसला की पाड,
एवढंच सांगितलं होतं त्याला.
सत्तावन्न शोधत तो बराच वेळ फिरला,
दिसेना, तेव्हा चावी काढली.

परवा नातीनं आमच्या भिंतीवर
लाल खडूनं काहीतरी गिरवलं.
मी ओलं फडकं घेऊन पुसायला लागलो.
फूल आहे ते आजोबा, ती सांगत होती,
फूल आहे.
मी पुसत होतो.