फाटक्या कानाचा

माझं नाव मासेरेका. म्हणजे तिसरा.
आमच्यात मुलगा कितवा, तेच त्याचं नाव;
नाव शोधत बसायला आईला वेळ कुठे असतो.
पर्यटक पहिल्या दिवशी ते वहीत लिहून घेतात
आणि दुसऱ्या दिवशी मला बालुकू म्हणतात.
मी ओ देतो. बालुकू माझा थोरला भाऊ,
तोही ओझीच वाहतो.

या खेपेला आनेलीस नावाच्या बाई होत्या,
भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, गुडघ्याला पट्टा.
काट्यावर त्यांची पिशवी बावीस किलो भरली,
त्यात चार किलो पुस्तकं. मी काही बोललो नाही.
बर्फ शिल्लक आहे तोवर बघायचंय, म्हणाल्या,
जसं कुणी अंथरुणाला खिळलेल्या आत्याला भेटायला निघावं.

रुवेन्झोरीत वाट नसते, चिखल असतो.
गुडघ्याएवढे रबरी बूट,
आणि गवताच्या एका ढेपेवरून दुसरीवर
बेडकासारखी उडी.
तिसऱ्या दिवशी बाईंचा डावा बूट दलदलीनं गिळला.
आम्ही तिघांनी ओढलं.
आधी पाय आला, मग मोजा, बूट पुष्कळ वेळानं,
आणि बाई चिखलात फतकल मारून इतक्या हसल्या
की शेवाळाच्या दाढ्या सोडलेली झाडं
आमच्या अंगावर गळू लागली.

याला काय म्हणतात? त्याला?
माणसाच्या दुप्पट उंच फुलोरा,
रात्री थंडीत पानं मिटून घेणारी झाडं.
मी आमच्या भाषेतलं नाव सांगे.
त्या दोनदा चुकवत, तिसऱ्यांदा लिहीत.

शेवटच्या झोपडीपाशी पहाटे ढग फाटले.
आजोबा त्या पांढऱ्याकडे बोट दाखवू देत नसे.
तिथे कितासांबा राहतो,
घरमालकाकडे कुणी बोट दाखवतं का?
आता तिथे बराचसा काळा कातळ आहे.
बाई रडल्या. मी दोरी गुंडाळत होतो.
वाटलं, विचारावं: तुमच्या चार किलोंत कुठे लिहिलंय का,
घर वितळलं की घरमालक जातो कुठे?
पण लाकडं ओली होती
आणि चहाला आधण यायचं होतं.

खाली उतरल्यावर म्हणाल्या, चल, अभयारण्यात तूही चल.
चाळीस वर्षं मी त्या चराच्या अलीकडे काढली,
पलीकडे गाडीत बसून कधी गेलो नव्हतो.
जीपचं छप्पर उघडं.
कालव्यात पाणघोडे, हंडे पालथे घातल्यासारखे.
अंजिराच्या फांदीवर सिंहीण, चारी पाय लोंबते,
वाळत टाकलेल्या गोधडीसारखी.

आणि मग हत्ती.
एकटा. डावा कान खालून फाटलेला.
बाई कुजबुजल्या: किती देखणा!
माझा हात सीटखाली गेला.
तिथे पत्र्याचा डबा नव्हता, काठी नव्हती.
हात तरी शोधत राहिला.

तीन वर्षं, कणसं चिकात भरली की हाच येतो.
बहिणीच्या शेतात, बीराच्या, आम्ही डबे बडवतो,
शेणात मिरची कालवून धूर करतो,
आणि हा सावकाश, मानाच्या पाहुण्यासारखा,
एक ओळ संपवून दुसरीला हात घालतो.
दिवसाउजेडी मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.
पापण्या किती लांब आहेत त्याच्या.

त्यानं सोंड उचलली. वास घेतला,
डिझेलचा, बाईंच्या क्रीमचा,
मग माझा. आणि सोंड तिथेच थांबली.
मी कुणाला काही बोललो नाही.
तोही बोलला नाही.

निघताना बाईंनी बूट मला दिले. डावा अजून ओला होता.
घरी बीरा कणसं सोलत होती, उरलेली.
काय बघितलंस एवढ्या पैशांचं?
म्हटलं, तो फाटक्या कानाचा. अंगानं भरलाय.
भरेल नाहीतर काय, ती म्हणाली,
आणि निम्मी टोपली माझ्या पुढ्यात सरकवली.