अंगठा उठत नाही

कोपरखैरण्याच्या दवाखान्यात
काळ्या रबरी पट्टीवरून आबांना तीनदा चालवलं.
"नेहमीसारखं चाला, काका."
आबा म्हणाले, "नेहमीसारखं? मंग वझं द्या की."

पडद्यावर पाऊल उमटलं :
टाच पिवळी, मधे थोडं हिरवं,
बाहेरची कड तांबडी,
करंगळीच्या मुळाशी तर निखारा.
अंगठ्याच्या जागी नुसतं फिकट निळं,
हजेरीला माणूस नसावा तसं.

"सांधा धरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
"अंगठा वर उठतच नाही.
म्हणून पाऊल त्याला चुकवून
बाहेरच्या बाहेर निघून जातं."

आबा पडद्याकडे बघत राहिले.
"म्हंजी ठसाबी उठंना."
बत्तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात
पगाराच्या वहीवर त्यांचा अंगठा उठला,
हाताचा, जांभळ्या शाईत.
पायाच्या अंगठ्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

ट्रकच्या फळीवर चढताना
पन्नास किलोची गोण आणि खालचा माणूस
क्षणभर त्या एवढ्याशा पेरावर उभे असतात,
हे मला आज कळलं.
मला माहीत होती फक्त चप्पल.
आतल्या बाजूने कोरी,
बाहेरून झिजून पापड झालेली.
दिवाळीला नवी, शिमग्याला तिरकी.
आई म्हणायची, चालायची रीतच वाईट.

रिक्षात आबा पायाबद्दल बोललेच नाहीत.
हिंदुराव शेलाराचा खांदा गेला होता, ते सांगत बसले.
टोळीने दोन महिने त्याच्या गोणी वाटून उचलल्या,
वाराईत त्याचा वाटा पुरा ठेवला.
"सगळ्यात जास्त कुणी वाहिलं म्हाईताय?
उतेकरानं. अंगानं काडी.
चकार शबूद नाय काढला.
पुढं त्याचाच मणका गेला."
मग सिग्नल सुटेपर्यंत गप्प.

तुर्भे नाक्यावर केरबाने नवा तळ बसवून दिला,
कडक, पुढून वर उचललेला,
दिवाळ्याच्या होडीसारखा.
"अंगठ्यानं वाकाया नको आता.
चप्पलच कलंडंल पुढं."
वसाहतीच्या जिन्यापर्यंत आबांनी चालून पाहिलं,
किंचित डुलत,
पहिल्यांदाच पाण्यात उतरल्यागत.

रात्री मी तेलाची वाटी घेऊन बसले,
अंगठा हातात धरला.
आबांनी पाय सोडवून घेतला,
जरा वळवला,
आणि करंगळी पुढे केली.
"आदी हिला."