अर्धा मिलिमीटर

शेफिल्ड. तळघरातली खोली,
भिंतींना निळ्या फोमचे सुळके.
दार लावलं की आवाज जागीच मरतो,
आपलाच घसा आपल्याला परका वाटतो.
इथे मी माझा अँटेना मोजायला आणलाय:
हिरव्या पाटीवर तांब्याचा तुकडा, नखाएवढा,
कानामागच्या यंत्रात मावेल असा.

लहान करायचा म्हणून त्यात चिरा पाडल्या.
प्रवाहाला सरळ जाऊच दिलं नाही,
आंबेनळीच्या घाटासारखा वळवत नेला.
गाव तेवढंच लांब, रस्ता दुप्पट.
संगणकावर काय सुरेख उतरला होता!
दोन पूर्णांक पंचेचाळीस गिगाहर्ट्झला
आलेख विहिरीसारखा खोल.

मोजणीत विहीरच सरकली.
दोन एकोणचाळीस. पाणीही उथळ.
पाटी विकणाऱ्याला मी मराठीत शिव्या घातल्या;
त्याच्या कागदावर चार पूर्णांक चार,
पाटीच्या मनात वेगळंच काही.

आयव्हर थॉर्प गप्पच.
बारा वर्षं पोलादाच्या कारखान्यात, अठ्ठावीस इथे.
डाव्या कानात नुसती घणाची गुणगुण उरलीय.
त्यानं खिशातून घड्याळजीची कानस काढली,
कडेवरून तीनदा ओढली, फुंकर मारली.
दोन त्रेचाळीस.
आणखी दोनदा.
दोन सत्तेचाळीस.
"जास्त झालं," मी म्हटलं.
"राहू दे थोडं वर. डोकं खाली ओढतंच."

मग डोकं आणलं. प्लॅस्टिकचं, पोकळ,
आत साखर, मीठ, पाणी,
जुलाब झाल्यावर आई पाजायची तेच,
साखर तेवढी जास्त.
वारंवारता बरोबर जागी येऊन बसली.
पण शंभरातले चारच बाहेर पडले,
बाकीचे शहाण्णव त्या डोक्यानं पिऊन टाकले.
लहान होण्याचं बिल असं उशिरा येतं.

मी वही मिटत होते.
आयव्हरनं प्लॅस्टिकचं डोकं उचलून जमिनीवर ठेवलं,
स्वतः स्टुलावर बसला,
डावा कान माझ्याकडे केला.
"खऱ्यावर मोज."
पांढरे केस बाजूला सारून मी तो चिकटवला.
त्वचा गरम होती, हे कुठल्याच मॉडेलमध्ये नव्हतं.

दार लावलं. टर्नटेबल फिरू लागलं,
पाच-पाच अंशांनी,
डोळे मिटून तो फिरत राहिला.

वहीत नोंद:
दोन चव्वेचाळीस. कार्यक्षमता पाच टक्के.
कान डावा.
हलला नाही.